ज्ञानूच्या हातातली लेखणी

ज्ञानूच्या हातात लेखणी बघितली आणि आकारामला मळमळायलाच लागलं.

तसबीर शाळेच्या भिंतीवर टांगली होती. चांगली हातभर लांब, काच लावलेली, वर सुताचा हार. चित्रातल्या पोराची गालफडं बसलेली, डोळे आढ्याला लागलेले, अंगात पांढराशुभ्र सदरा आणि हातात बोरू. खाली लिहिलं होतं, 'हुतात्मा कवी ज्ञानू'. आकाराम पलटणीत राहून वाचायला शिकला होता. नसता शिकला तर बरं झालं असतं, निदान त्या घडीला तरी त्याला तसंच वाटलं.

"ह्यो कोन म्हनायचा?" त्यानं धुळाला विचारलं. धुळा ज्ञानूचा तालमीतला जोडीदार. लढाईवरून परत आलेल्या आकारामला गाव दाखवायला तोच मोठ्या हौसेनं घेऊन आला होता.

"आरं गड्या, सख्खा भाऊ वळखला न्हाईस व्हय? ज्ञानू की."

ज्ञानू म्हणे. ज्या ज्ञानूची मान रेड्याएवढी, कान लाल मातीत घासून घासून भज्यासारखे झालेले, जो एका बैठकीला भाकरीची चळत संपवून वर ताकाचं मडकं तोंडाला लावायचा, तो हा? शाळेशी ज्ञानूचा संबंध आला तो एवढाच, की दुसरीत मास्तरांनी कान पिळला म्हणून ह्या पठ्ठ्यानं खिडकीतून उडी टाकली, ती थेट म्हशीच्या पाठीवर. पुन्हा म्हणून त्यानं त्या इमारतीकडं तोंड केलं नाही. सही करायची वेळ आली की अंगठा पुढं करायचा आणि शाई डोक्याला पुसायचा. काव्य म्हणावं असं त्याच्या तोंडून काही निघत असेल तर त्या शिव्या. त्या मात्र अशा जमवून द्यायचा की ज्याला बसली तोसुद्धा घटकाभर ऐकत उभा राहायचा. आकारामला परदेशात भावाची आठवण यायची ती त्या शिव्यांची. तापल्या वाळूत पडल्या पडल्या तो एकेक आठवून हसायचा.

आणि इथं ह्या लोकांनी त्याच्या हातात बोरू दिला होता.

झालं होतं असं. बेचाळीस साली गावची तालीम मोर्चाला गेली. ज्ञानू सगळ्यांच्या पुढं, कारण तो कुठंही पुढंच असायचा, जेवायला पण. धरपकड झाली, पोरं आत गेली, बाकीची सुटून आली आणि ज्ञानू तेवढा तुरुंगातच तापानं गेला. त्याच बराकीत लालासाहेब होता. गावच्या बड्या घरातला मुलगा, सांगलीला वकिली करायचा. वकिली बेताचीच, पण कवितेचा नाद दांडगा. ह्याच्या कविता मासिकवाले वाचत होते की नाही देव जाणे, परत मात्र न चुकता पाठवायचे. तो सुटून आला आणि त्यानं गावाला सांगितलं की ज्ञानू तुरुंगात कोळशानं भिंतीवर कविता लिहीत असे. भिंतीला चुना फासायच्या आत आपण त्या उतरवून घेतल्या. थोड्याच दिवसांत पुस्तक निघालं. जे लोक लालासाहेबाची कविता ऐकायला लागली की चपला शोधायचे, तेच लोक आता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसायला लागले.

पुस्तकातली 'आई' ही कविता तर पोरासोरांच्या तोंडी झाली.

आई, तुझ्या पदराचा वारा
गजांतून येतो आत,
तुझ्या हाकेने उजळून जाते
कोठडीतली रात.

आकारामनं ती वाचली आणि पचकन थुंकला. आई? कुणाची आई? त्यांच्या घरात हा शब्दच नव्हता. राहीबाई ह्या घरात सून म्हणून आली तेव्हा घर चार दिरांचं. उठता बसता 'वैनी, भाकर वाढ', 'वैनी, दावं कुठं हाय'. पोरं झाली, ती तेच ऐकत वाढली आणि तेच म्हणायला लागली. त्या बाजूला घरोघर असंच. कुणाची आई वैनी, कुणाची आक्का, कुणाची नुसतीच बाई. आकाराम तिला वैनी म्हणे, ज्ञानूही वैनीच म्हणे. ज्ञानू तापात बरळला जरी असेल तरी वैनी म्हणूनच बरळला असेल. बड्या घरात आईसाहेब आईसाहेब करत वाढलेल्या ह्या लालासाहेबाला ते कुठलं ठाऊक असायला.

आकारामनं बोलून बघितलं. धुळा म्हणाला, "आसू दे की गड्या. गावाचं नाव हुतंय, शाळंला कौलं आली. तुजं काय जातंय?"

"माजा भाऊ जातोय," आकाराम म्हणाला. धुळानं कानाला बोट लावून खाजवलं. त्याला ते कळलं नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे वैनी. सभा कुठंही असो, कराडला, पाटणला, लोक गाडी जुंपून तिला न्यायला यायचे. बेंदराला बैल मिरवावा तशी तिला मिरवायचे. नवं लुगडं नेसून ती खुर्चीच्या कडेला बसायची, पाय जमिनीला टेकायचे नाहीत. लोक यायचे, पाया पडायचे, खणानारळानं ओटी भरायचे, मग कुणी तरी बारीक आवाजाची मुलगी 'आई' म्हणायची. वैनी पदर तोंडाला लावून ऐकायची. आकाराम एकदाच गेला होता. मागं उभा राहून त्यानं ते बघितलं आणि सभा संपायच्या आतच बाहेर पडला. ह्या बाईला कुणी तरी आपल्या पोराच्या नावानं खेळवतंय आणि ती खेळतेय, ह्याची त्याला किळस आली. पोटच्या आईची किळस यावी, ह्याची आणखी वेगळी.

घरी त्यानं सांगून टाकलं. वैनी जोंधळे निवडत बसली होती.

"वैनी, ज्ञानूनं ह्यातलं काय बी लिवल्यालं न्हाई. सगळं त्या वकिलाचं हाय."

"मला काय कळतंय बाबा त्यातलं." तिनं सूप पाखडलं. मग खडे वेचून टाकत म्हणाली, "तुला वाचाय येतंय न्हवं? ती आईची वाच की येकदा."

"मला न्हाई जमायचं," आकाराम म्हणाला आणि गोठ्याकडं निघून गेला. त्या दिवशी त्यानं काही कारण नसताना बैलाला मारलं.

असंच चाललं असतं. पण स्वराज्य आलं आणि लालासाहेबाच्या पोटात दुखायला लागलं. पुण्याच्या कुणा बड्या टीकाकारानं लिहिलं की 'आई' ही कविता म्हणजे हिरा आहे. ती शाळेच्या पुस्तकात घालायची बोलणी सुरू झाली. सांगलीच्या साहित्यसभेनं ज्ञानूच्या नावानं सोहळा करायचं ठरवलं. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी जीव टाकला ते कौतुक दारापर्यंत आलं आणि शेजारच्या घरात शिरलं, तेही मेलेल्या पैलवानाच्या. लालासाहेबाला ते सोसेना. त्यानं वर्तमानपत्रात छापून आणलं की ह्या कविता माझ्याच आहेत.

मग काय विचारता. हुतात्म्याच्या ताटातलं उचलतो म्हणून लोकांनी त्याला फाडून खाल्लं. कुणी त्याच्या वकिलीच्या पाटीला शेण फासलं. काल खोटं बोलला तर लोकांनी डोक्यावर घेतला होता, आज जन्मात पहिल्यांदा खरं बोलला तर कुणी विश्वास ठेवेना. आकारामनं हे ऐकलं तेव्हा त्याला हसू आलं, पण पुरतं येईना, मधेच कडवट झालं.

एक दिवस सकाळी लालासाहेब स्वतः दारात आला. कोट, टोपी, हातात छत्री. वैनी मळ्यात गेली होती. आकारामनं घोंगडं टाकलं, चहा ठेवला. लालासाहेबानं बशीत ओतून चहा भुरकला, ओठांवरून जीभ फिरवली आणि म्हणाला, "आकाराम, कविता कुणाच्या हे ठरवायला सांगलीला सभा बोलावलीय. तू तिथं येऊन सांग. ज्ञानूला लिहिता येत नव्हतं, एवढंच सांग. तुझ्या शब्दावर सगळं आहे."

"मग त्येच्या नावावर का घातलंसा?"

"माझ्या नावानं कुणी वाचत नव्हतं." हे त्यानं असं सांगितलं, जसं काही आकारामनं त्याची कीव करावी. "तेच शब्द, आकाराम. एक मात्रा बदलली नाही. माझं नाव खाली होतं तेव्हा परत आलं, त्याचं नाव घातलं आणि लोक रडले. मेलेल्या माणसाचं वाचतात रे लोक."

"त्यो मरताना तुमी तिथंच हुतासा?"

"होतो की. शेजारच्याच वळकटीवर."

"काय म्हनला त्यो?"

लालासाहेब आठवायला लागला. बशीकडं बघत राहिला, आणि आकारामला दिसलं की ह्याला खरोखरच आठवत नाही. ह्या माणसानं ज्ञानूच्या तोंडात पुस्तकभर शब्द घातले होते आणि ज्ञानूचा शेवटचा शब्द काय होता तो ह्यानं ऐकलासुद्धा नव्हता. ताटात पाल पडलेली दिसावी तसं आकारामला झालं. बखोट धरून हाकलून द्यावं असं मनात आलं होतं. पण दुसऱ्याच क्षणी वाटलं, ह्याच्याच हातानं आपला ज्ञानू परत मिळतोय. बोरू जाईल, सदरा जाईल, भज्यासारख्या कानांचा पोरगा परत येईल.

"येतो मी," तो म्हणाला. "तुमच्यासाठी न्हवं. तुमचं तोंड बघायची बी मला शिसारी येती."

"तसं का होईना," लालासाहेब म्हणाला आणि उरलेला चहा प्याला.

सभा दिवाळीनंतर होती. बोलावणं वैनीलाही होतं, हुतात्म्याची आई म्हणून. आपण तिथं काय बोलणार हे आकारामनं तिला सांगितलं नाही. कराडला गाडी धरली, मिरजेला उतरून दोघं सांगलीला गेली. वाटभर ती खिडकीतून ऊस बघत होती आणि कुणाचा ऊस कसा आला आहे ते सांगत होती.

दिवाणखाना माणसांनी गच्च भरला होता. अध्यक्षस्थानी तवनाप्पा मास्तर, निवृत्त हेडमास्तर, सांगलीत ज्यांच्या शब्दाला मान होता असे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ. समोर तीच तसबीर, शाळेतली आणून ठेवलेली. लालासाहेब उठला आणि बोलायला लागला तशी मागून 'चोर, चोर' सुरू झालं. तो घामाघूम झाला, टोपी काढली, पुन्हा घातली, आपल्याच कवितेच्या ओळी म्हणून दाखवायला लागला. रडवेल्या आवाजात 'आई, तुझ्या पदराचा वारा' म्हणताना त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात थुंकी साठली होती. लोक हसत होते. आकारामनं मान फिरवली.

तवनाप्पांनी सगळ्यांना गप्प केलं आणि आकारामला पुढं बोलावलं. "तुम्ही थोरले भाऊ. तुम्ही सांगा."

आकाराम पलटणीत उभं राहावं तसा उभा राहिला. "माज्या भावाला लिवायवाचाय येत न्हवतं. अंगठा लावायचा."

मग एक चष्मेवाला तरुण उठला. "तुरुंगात कितीतरी लोक लिहायला शिकले. तुम्ही तर तेव्हा लढाईवर होता. तुम्हाला काय माहीत?"

हे मात्र आकारामनं धरलं नव्हतं. लोक माना डोलवायला लागले. पण त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट होती. ती त्यानं पहिल्या दिवसापासून मुठीत धरून ठेवली होती आणि आता ती उघडताना त्याला बरं वाटलं, खूप दिवसांनी बरं वाटलं.

"आई ही कविता तुमी त्येची म्हनता," तो म्हणाला. "आमच्या घरात आईला आई कुनी म्हनत न्हाई. समदी वैनी म्हनत्यात. मी वैनी म्हनतो, ज्ञानू बी वैनीच म्हनायचा. जल्मात त्येच्या तोंडनं आई ह्यो शबूद मी ऐकला न्हाई. ज्येला ती हाकच ठावी न्हाई, त्यो मरताना ती कुठनं आनंल?"

त्या भागातल्या माणसांना हे सांगून पटवायला नको होतं, निम्म्या दिवाणखान्याची आई वैनी नाही तर आक्का होती. चष्मेवाला खाली बसला. लालासाहेबाच्या तोंडाला पाणी सुटलं. तो खुर्चीतच पुढं सरकून ओठ चाटायला लागला.

तवनाप्पा वैनीकडं वळले. आवाज मऊ करून म्हणाले, "राहीबाई, तुम्हाला त्रास देतोय. पण तुमच्यावाचून हे कोण सांगणार? हे म्हणतात ते खरं का? ज्ञानू तुम्हाला आई म्हणत नव्हता?"

वैनी खुर्चीच्या कडेवरून खाली उतरली. डोक्यावरचा पदर नीट केला. आकारामकडं तिनं बघितलंच नाही.

"चारचौघांत न्हाई म्हनायचा," ती म्हणाली. "लाजायचा. म्हशीची धार काढताना आमी दोघंच असायचो, तवा म्हनायचा. आई, चरवी दे. आई, वासरू सोड. असं."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं आणि पुन्हा खुर्चीवर चढून बसली.

बायकांच्या बाजूला कुणी तरी हुंदका दिला. तवनाप्पांनी चष्मा काढून पुसला. आईपुढं कुणाची साक्ष चालणार? कविता ज्ञानूच्याच ठरल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, वैनीची ओटी भरली, तसबिरीला हार घातला आणि आकारामकडं, भावाच्या नावावर जळणारा माणूस बघावा तसं बघितलं. बारीक आवाजाच्या मुलीनं उभं राहून पुन्हा सगळी कविता म्हटली.

पायऱ्या उतरताना लालासाहेबानं मागून बाही धरली. "तिला कुणी पढवलं? अजून वेळ गेली नाही. तिला नीट समजावून सांग, मी पुन्हा सभा भरवतो." त्याचा हात घामानं ओला होता. आकारामनं तो झटकला आणि हौदावर जाऊन हात धुतले, बाहीसुद्धा धुतली.

मिरजेला गाडीला अवकाश होता. दोघं फलाटावर बसली. वैनीनं ओटीतले नारळ फडक्यात बांधले होते, ते गाठोडं मधे. शेवटी आकारामला राहवेना.

"खरंच म्हनायचा?"

"न्हाई," वैनी म्हणाली.

"मग का बोललीस? त्या नासक्या मान्साचं लिवल्यालं आता जल्मभर ज्ञानूच्या गळ्यात ऱ्हाईल. आपला ज्ञानू पार पुसला बग. तू पुसलास." तो दात खाऊन बोलत होता. "शिसारी आली मला. तुजी बी आली."

वैनी रुळांकडं बघत होती. ती रडत नव्हती, रागावलीही नव्हती.

"येऊ दे," ती म्हणाली. "ज्ञानू कसा हुता ते मला ठावं हाय. त्यो मला कोन पुसनार? मी त्येला अंगावर पाजलाय. त्यो वकील लबाड हाय हे बी मला पयल्यापास्नं ठावं हाय." तिनं गाठोड्याची गाठ आवळली. "तुमी ल्हान हुतासा तवा वाटायचं, मोठी झाली का आई म्हनतील. दीर वैनी म्हनायचं, तुमी बी वैनीच म्हनत ऱ्हायलासा. मागून घ्यायची गोष्ट हाय का ती? मग त्यो कागद आला. खोटा आसंल. पर त्यात ज्ञानूचं नाव हाय आन त्यो मला आई म्हनतोय. मला आई म्हनल्यालं जगात तेवढंच हाय बाबा, तेवढंच. ते बी तू आज काढून घ्याय निघालास."

आकारामनं काही तरी म्हणायला तोंड उघडलं.

"तुला म्हनलं हुतं, ती आईची वाच," वैनी म्हणाली. "तुज्या तोंडनं ऐकाय मिळंल म्हनून. कविता म्हनून तर म्हनशील, असं वाटलं हुतं. तू बैलाकडं गेलास."

सगळी किळस, लालासाहेबाची, सभेची, त्या हातातल्या बोरूची, जी आजवर बाहेर बाहेर होती, ती आकारामला आता स्वतःच्या घशाशी आलेली कळली. ह्या एका शब्दावर त्यानं भर सभेत साक्ष दिली होती. आमच्या घरात कुणी म्हणत नाही, असं छाती पुढं काढून सांगितलं होतं. शब्द केवढासा, दोन अक्षरांचा. आत्ता म्हणून टाकावा. ह्या फलाटावर आपल्याला ओळखणारं कोण आहे?

शब्द दातापर्यंत आला. लांबून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि वैनी गाठोडं उचलायला वाकली.

"वैनी," तो म्हणाला, "पानी आनू?"

"आन," ती म्हणाली.